दत्ताच्या कॅमेऱ्यातला रोल

परवा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या दोन मुली दुकानात आल्या. एकीच्या हातात तिच्या आजोबांचा जुना कॅमेरा होता, वरून वाकून बघायचा, दोन काचांचा. चामड्याच्या पाकिटाला बुरशी लागलेली, पण आतला पडदा अजून खट्‌कन उघडत होता. ती म्हणाली, "काका, ह्याच्यात फिल्म कोणती टाकू? इंटरनेटवर जो तो येगळंच सांगून राहिलाय."

मी विचारलं, "कुठं काढणार? आणि कुणाचा काढणार?"

त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यांना नुसतं फिल्मचं नाव हवं होतं. मी सांगितलं, कडक उन्हात माणसांचे चेहरे काढायचे असतील तर वेगवान फिल्म घ्या. मऊ उजेड असेल तर संथ.

"काका, उलटं सांगताय तुम्ही. उन्हात संथ फिल्म असं सगळीकडं लिहिलंय."

"लिहिलेलं असू द्या," मी म्हणालो आणि ऐटीत खुर्चीला टेकलो.

मुली गेल्या आणि माझी ऐट उतरली. कारण ते शहाणपण माझं नव्हतं, दत्ताचं होतं. त्यानं ते मला शिकवलंही नव्हतं. मी त्याच्या हाताकडं चोरून बघत, आतल्या आत जळत ते उचललं होतं. दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हा मी आठवायला बसलो. ग्राहक आठवले, फजित्या आठवल्या, पण प्रत्येक आठवणीच्या कडेला दत्ता उभा. तेव्हा त्याच्याबद्दलच लिहितो.

माझं गाव लातूरजवळचं मुरुड. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि मीही तागडी धरावी अशी त्यांची इच्छा होती. मला फोटोचा नाद लागला, म्हणून मामानं नांदेडला वजिराबादेतल्या एका स्टुडिओत चिकटवून दिलं. स्टुडिओचे मालक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. निजामाच्या काळापासून फोटो काढत होते. माझ्याआधी थोडेच दिवस हदगावचा एक पोरगा तिथं आला होता. लांब हातांचा, सतत बोलणारा. तो दत्ता.

बाहेरच्या माणसाला फिल्मचं प्रकरण थोडं सांगायला हवं. फिल्म म्हणजे उजेड पिणारी पट्टी. काही पट्ट्या हळूहळू पितात, त्यांना आम्ही संथ म्हणायचो. त्यांच्यावरचा फोटो रेशमासारखा गुळगुळीत येतो, पण काळं ते फार काळं आणि पांढरं ते फार पांढरं. काही पट्ट्या घटाघटा पितात, त्या वेगवान. अंधाऱ्या जागीही फोटो येतो, मात्र मोठा केला की त्यावर रव्यासारखे दाणे दिसतात. त्यांच्यात काळ्या-पांढऱ्याचं भांडण कमी असतं. शिवाय जुन्या स्टुडिओत एक स्वस्त फिल्म असायची, तिला लाल रंग दिसतच नसे. उस्ताद तिला 'अंधी' म्हणायचे. तिच्यावर लाल कुंकू काळं दिसायचं आणि सावळा माणूस आणखी काळा. तेव्हा आधी उजेड बघायचा, मग माणूस, मग रोल टाकायचा. आणि रोल एकदा टाकला की तो संपेपर्यंत तुम्ही त्याला बांधलेले. आमच्या धंद्यातलं सगळं नशीब त्या टाकण्यात असायचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही दोघं बऱ्यापैकी तयार झालो होतो. ठिकठिकाणी सरकारी कामं निघाली होती. कुठं पाझर तलाव, कुठं रस्ता, कुठं नुसती खडी फोडणं. कामांचे फोटो वर पाठवायचे असत, म्हणून एका साहेबांनी उस्तादांकडं माणूस मागितला. उस्तादांनी आम्हा दोघांना धाडलं. लोहा गावाच्या अलीकडं माळावर खडीचं काम होतं. शे-दोनशे बाया पदर पुढं ओढून खडी फोडत बसलेल्या. भरदुपारचं ऊन. पांढरा दगड, पांढरी धूळ, झाडाचा पत्ता नाही.

मी पुस्तकाप्रमाणं संथ रोल टाकला. दत्तानं पिशवीतून वेगवान काढला. मी हसलो.

"अरे येड्या, एवढ्या उन्हात तो रोल? सगळं पांढरंफट होईल."

"होऊ दे ना," तो म्हणाला. "दगडाचं मला काय करायचंय?"

त्यानं लेन्सचं तोंड सुईएवढं बारीक केलं, पुढं पिवळी काच लावली, पण पडदा जास्त वेळ उघडा ठेवून लागतो त्याहून जरा जास्तच उजेड आत सोडला. फोटो काढताना तोंड चालूच. "मावशी, हातोडा जड हाय का ओ? मला द्या, कॅमेरा तुमी धरा." बाया खुदुखुदु हसत होत्या. मी मात्र घाम पुसत कडा जुळवत होतो.

नांदेडला आल्यावर दोघांनी आपापले रोल धुतले. रोल घट्ट अंधारात डबीत घालायचा आणि औषधात डबी हलवत राहायची. दत्ताच्या डबीचा आवाज माझ्या आधीच थांबला. वाटलं, आळस केला यानं. पुढं कळलं की तीच खुबी होती. उजेड जास्त द्यायचा आणि धुवायचं कमी. म्हणजे पांढरं जळत नाही आणि सावलीतलंही उलगडतं.

उस्तादांनी दोघांचे ओले फोटो शेजारी शेजारी ठेवले. माझ्या फोटोत एकेक दगड असा धारदार की हात लावला तर कापेल. बायांच्या पदराखाली मात्र काळी भोकं. दत्ताच्या फोटोत त्या पदराखाली डोळे होते, फुटलेले ओठ होते. एक बाई दुसरीकडं बघून हसत होती, आणि तिचा एक दात पडलेलाही दिसत होता.

उस्तादांनी दोन्ही फोटो एकदा उजेडाकडं धरले. मग म्हणाले, "शिवा, तूने पत्थर का फोटो लिया. दत्ता ने औरतों का लिया."

साहेबांनीही दत्ताचे फोटो वर पाठवले. माझे मोजमापाच्या कागदांना जोडले. पुढच्या कामांना बोलावणं आलं ते एकट्या दत्ताला. जीप दारात उभी राहायची, तो पिशवी खांद्यावर टाकून चढायचा, आणि मी आत खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला 'हनुवटी जरा खाली' म्हणत असायचो.

हेवा म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. दत्ता वाईट असता तर सोपं होतं. तो स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी करून मला द्यायचा. ती खातानासुद्धा माझ्या मनात एकच विचार असायचा, ह्याला हे सुचलं आणि मला का सुचलं नाही? त्याला विचारायला मात्र जीभ रेटायची नाही. शेवटी मी उस्तादांच्या पाया पडलो आणि लातूरला येऊन बाजारात गंजगोलाईजवळ पुढं दुकान, मागं बिऱ्हाड अशी जागा भाड्यानं घेतली. लोकांना सांगितलं, मुरुड जवळ पडतं म्हणून आलो. खरं म्हणजे दत्ता दिसणार नाही अशा ठिकाणी आलो.

लातूरला माझं दुकान चाललं ते लग्नाळू मुलींच्या फोटोंवर. बाप मुलीला घेऊन यायचा, तिला बाहेर बसवायचा आणि आत येऊन हळूच म्हणायचा, "पोरगी जरा उजळ काढा." त्याची युक्ती होती. लाल रंग दिसणारी फिल्म घ्यायची, उजेडाला पिवळे-लाल दिवे लावायचे, आणि रंग दोन पायऱ्या चढायचा. उरलेलं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून साधायचं. एका उदगीरच्या व्यापाऱ्यानं तर मुलीचा फोटो बघून मला विचारलं, "ही कोणाची?" मी म्हणालो, "तुमचीच." त्यानं खुशीत येऊन पेढे मागवले. मुलगी मात्र पेढ्याला हात न लावता फोटोकडं बघत होती.

त्याच सुमारास माझ्या लग्नाचं निघालं. मध्यस्थानं लोह्याच्या एका मुलीचा फोटो आणला. अव्वानं, माझ्या आईनं, तो दाराच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "सावळी हाय की रे."

मी फोटो हातात घेतला. मुलगी सावळीच होती. कुणी तिला उजळ केलं नव्हतं. पण त्या सावळेपणात आतून दिवा लावल्यासारखं काहीतरी होतं. नाकाच्या पलीकडच्या सावलीतसुद्धा गाल दिसत होता. ओठ नुकतेच काही बोलून उघडे राहिलेले. मी म्हणालो, "अव्वा, हीच."

टँकरच्या पाण्यावर लग्न झालं. शारदा घरात आली ती फोटोपेक्षा कितीतरी बोलकी, कितीतरी चांगली. एके दिवशी जेवताना मी सहज विचारलं, "तो फोटो कुणी काढला गं?"

"नांदेडला काढला. त्या म्हाताऱ्या चाचांच्या स्टुडिओत. पन काढला दुसऱ्यानं, लांब हातांच्या मानसानं. लई बोलत होता. मला इचारलं, लोह्याच्या विहिरीला पानी किती उरलं. मी सांगायलेच होते, तेवढ्यात खट्‌ झालं. मी म्हनलं, अहो, मी तयार नव्हते. तर म्हनला, बरं झालं."

समोर नवी नवरी बसलेली, वाढत होती, हसत होती, आणि माझ्या डोक्यात एकच किडा: दत्तानं रोल कोणता टाकला असेल?

त्यानंतर कित्येक वर्षं मी शारदाचे फोटो काढले. संथ रोलवर काढले, वेगवान रोलवर काढले, अंधीवर काढले. जर्मन रोल हैदराबादहून मागवला, जपानी रोल सोलापूरहून आणला. सकाळच्या उजेडात काढले, पत्र्याच्या आडोशाला काढले. प्रत्येक फोटो स्वच्छ यायचा, नेटका यायचा आणि मेलेला यायचा. एकदा ती स्टुलावरून उठलीच.

"मी न्हाई बसत आता."

"का?"

"तुमी माझ्याकडं बघतच न्हाई. मला त्या फोटोसंगं ताडून बघता."

मी म्हणालो, तुला काय कळतं यातलं. ती आत गेली. त्यानंतर तिनं माझ्या कॅमेऱ्यासमोर बसणं सोडलं, आणि आमच्या घरात फोटोचा विषय निघेनासा झाला.

मग लातूर जिल्हा झाला. इतकी वर्षं आम्ही उस्मानाबादेत मोडायचो. आता लातूरचंच कलेक्टर ऑफिस. गावात नवं वारं शिरलं. भाड्याच्या इमारतींत कचेऱ्या थाटल्या, भिंतींना चुना लागला, बदलून आलेल्या लोकांनी खोल्या शोधायला सुरुवात केली. ओळखपत्रांचे फोटो, निरोपाचे फोटो, उद्घाटनांचे फोटो. मी मनात म्हणालो, शिवलिंगा, आता तुझे दिवस आले.

आणि एका सकाळी रस्त्याच्या पलीकडं, माझ्या बरोबर समोर, नवी पाटी चढताना दिसली. 'येथे रंगीत फोटो काढून मिळतील.' पाटी चढवणाऱ्याचे हात लांब होते.

उस्ताद वारले होते, त्यांच्या मुलांनी स्टुडिओ मोडला होता. दत्तानं ऐकलं, लातूरला नवा जिल्हा झालाय, कामं निघतील. त्याच्या धाकट्या बहिणीला, कमलला, नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली होती. आईबाप नसलेली ती पोर त्यानंच वाढवलेली. म्हणून दोघंही इकडं आले.

"शिवा!" तो रस्त्यातच ओरडला. "म्हनलं, दुकान घ्यायचं तर तुझ्यासमोरच घ्यावं. करमंल तरी."

शारदानं त्याला ओळखलं. "या ना दत्ताभाऊ, चहा घ्या," म्हणाली. तो आला, बसला, घरच्यासारखा पाटावर मांडी घालून बसला. "वहिनी, लोह्याच्या विहिरीला पानी आलं का मंग?" दोघं खळखळून हसले. माझा चहा कपातच गार झाला.

माझं गिऱ्हाईक हळूहळू रस्ता ओलांडायला लागलं. रंगाची भुरळच तशी होती. मी वाट बघायचो की हा कुठंतरी घसरेल. रंगीत रोल भारी नाठाळ. उन्हाचा रोल दिव्यात वापरला तर चेहरे भोपळ्यासारखे पिवळे येतात. लाल कापडाच्या मांडवात काढला तर सगळं वऱ्हाड गुलालात लोळल्यासारखं दिसतं. दत्ता घसरला नाही. मांडवात माणसं काढायची असली की तो आधी मांडवाच्या कडेचं कापड वर गुंडाळून ठेवायला लावायचा. साधी गोष्ट. पण सुचली त्यालाच.

असं वर्षभर चाललं. रोज सकाळी शटर उघडलं की माझी नजर आधी त्याच्या काचेच्या कपाटाकडं जायची, नवीन फोटो कोणता लावलाय ते बघायला.

एका दुपारी दत्ता माझ्या दुकानात आला. खिशातून चार-पाच रंगीत फोटो काढून त्यानं टेबलावर पसरले. सगळे कमलचे. साडी छान, रंग छान, आणि मुलगी दगडासारखी.

"दोन स्थळांनी परत पाठवले," तो म्हणाला. "एकानं म्हनलं, पोरगी रागीट दिसती. शिवा, माझ्या हातून हिचा फोटो येत न्हाई रे. मी कॅमेऱ्यामागं गेलो की ती मला बघून घाबरती, आन मी तिला. आता उदगीरचं एक स्थळ हाय. शिक्षक हाय पोरगा. तू काढ."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते. आनंद झाला. दत्ताला एक फोटो येत नव्हता! मी वरवर म्हणालो, "बघू, सवड झाली की."

घरी शारदाला सांगितलं, सांगताना बहुधा हसत असेन. ती भाकरी थापायची थांबली. "ती पोर दोनदा नाकारली गेली, आन तुमाला हसू येऊन राहिलंय?" मग पीठ झटकून म्हणाली, "उद्याच्याला जाऊ. मी पन येते."

मी कमलला स्टुडिओत बोलावलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिच्या कचेरीत गेलो. ती ज्या खोलीत टाइप करायची तिथं नुकताच चुना दिलेला होता. खिडकीतून येणारा उजेड चारी भिंतींवर आपटून मऊ होऊन तिच्या तोंडावर पडत होता. कुठंच धारदार सावली नाही. मी पिशवीत हात घातला. आत दोन्ही रोल होते. माळावरचं ते कडक ऊन आठवलं, आणि दत्तानं त्यावर टाकलेला वेगवान रोल. इथं सगळं उलटं होतं. उजेडच इतका मऊ होता की फिल्मला जरा धार हवी. मी संथ रोल टाकला.

कमल मशीनपुढं ताठ बसली. मी कॅमेरा पोटाशी धरून नुसता उभा राहिलो. शारदानं डबा उघडला, तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "एवढं काय बडवतीस गं दिवसभर?"

"काय सांगू वहिनी," कमल म्हणाली, "जुने कागद संपले न्हाईत. परतेक कागदावर उस्मानाबाद खोडायचं आन लातूर मारायचं."

"म्हंजी जिल्हा सरकारनं केला न्हाई?"

"सरकारनं एकदाच केला. मी रोज करून राहिले!"

आणि ती हसली. तोंडाशी नेलेला घास हातातच राहिला. मी बटण दाबलं.

फोटो धुऊन वाळत घातला होता तेव्हा दत्ता आला. दोरीसमोर उभा राहिला. मी त्याच्याकडं बघत होतो. इतकी वर्षं मी ज्या चेहऱ्यानं त्याचे फोटो बघत आलो, तोच चेहरा आता त्याच्या खांद्यावर होता. त्यानं हात मागं बांधले, पुढं वाकला, परत सरळ झाला.

"जळलो रे," तो म्हणाला. मग, "रोल कोणता टाकलास?"

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "शारदाच्या फोटोला तू कोणता टाकला होतास, ते सांगितलंस का मला कधी?"

तो वळला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "तू इचारलंस का कधी?"

"आता विचारतो."

त्यानं डोकं खाजवलं. "खडीच्या कामावरचा रोल राहिला होता कॅमेऱ्यात. दोन फोटो शिल्लक होते. रोल वाया कशाला घालवायचा? म्हनून त्याच्यावरच काढला."

मी स्टुलावर बसलो. हैदराबाद, सोलापूर, जर्मन, जपानी. आतून शारदाचं हसू ऐकू आलं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती. मग मीही हसलो, आणि दत्ता आम्हा दोघांकडं बघत राहिला. त्याला काहीच कळलं नाही. मी त्याला संथ रोलचं आणि चुन्याच्या भिंतीचं सगळं सांगितलं, एकही गोष्ट हातची न राखता.

कमलचं उदगीरला जमलं. माझ्या फोटोमुळं जमलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मांडवातच नवरदेवाला मी खोदून विचारलं, तर तो म्हणाला, "फोटो चांगला होता, पण मला नोकरी करणारी बायको हवी होती." असो. कमलची बदली झाली, संसार झाला, परवा परवा ती हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली.

त्यानंतर दत्ता आणि मी समोरासमोर म्हातारे झालो. भांडलो नाही आणि एकमेकांचं कौतुकही केलं नाही. पण चांगला फोटो आला की तो कपाटात असा लावायचा, की मला माझ्या खुर्चीवरून दिसला पाहिजे. मीही तेच करायचो. मोबाईल आले, तेव्हा त्यानं दुकान मोडलं आणि हदगावला शेतावर गेला. त्याच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा फोन येतो. पिकाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो, वहिनी कशी आहे विचारतो. मग फोन ठेवायच्या आधी हळूच म्हणतो, "काय काढलंस का एवढ्यात?"

मी कित्येक महिन्यांत कॅमेऱ्याला हात लावलेला नसतो. तरी म्हणतो, "काढलाय की एक. बघशील तर जळशील."

पलीकडून लगेच येतं, "रोल कोणता टाकलास?" त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त जातात.